तळमजल्यापर्यंतची रेंज

बाईंचं काम ऐकण्याचं होतं. ज्यांना दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं आवाजात भरून देणारी एक संस्था होती. तिथे कुणीतरी पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करायचं, आणि मग बाई छापील पुस्तक पुढ्यात उघडून ते ओळ न् ओळ ऐकायच्या. कुठे शब्द गळला, कुठे 'पूर्वे'चं 'पश्चिम' झालं, कुठे वाचणाऱ्याने मध्येच आवंढा गिळला, ते मिनिट-सेकंदासकट कागदावर उतरवायच्या. तेवीस वर्षं हे काम केल्यावर संस्थेत त्यांना सगळे 'कानवाल्या बाई' म्हणायला लागले होते, आणि त्यांनाही ते आवडायचं.

त्यांचे यजमान टेलिफोन खात्यात होते. लाइनमन म्हणून चिकटले आणि वरची जागा मिळाली तरी लोकांच्या तोंडी लाइनमनच राहिले. लाइन बिघडली की खांबापासून खांबापर्यंत तार तपासत जायचं आणि बिघाडाच्या जागेवर बोट ठेवायचं, ही त्यांची चौतीस वर्षांची नोकरी. "फॉल्टला पत्ता असतो," असं ते म्हणायचे. "पत्ता सापडेपर्यंत चालायचं, बस."

ते निवृत्त झाले त्याच महिन्यात संस्थेने भाड्याची अर्धी जागा सोडली. ऐकण्याच्या खोल्या गेल्या. "बाई, आता घरूनच ऐका. तुम्हालाही प्रवासाचा त्रास नको," असं विभागाच्या प्रमुख बाई म्हणाल्या. बाईंना प्रवासाचा त्रास कधीच नव्हता. जाता-येता बसच्या खिडकीशी बसायला मिळायचं ते चाळीस मिनिटांचं सुख होतं, पण हे कुणाला सांगणार?

तर अशी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघं दिवसभर समोरासमोर आली. लाइनमन वाईट माणूस नव्हते. दारू नाही, विडी नाही, आवाज चढवणं नाही. फक्त ते बोलायचे. पंख्याचा आवाज बदललाय, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी वाहतेय, आज पेपरवाला सात मिनिटं उशिरा आला. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी, "काय गं?" म्हणजे उत्तर द्यावंच लागायचं. बाईंनी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं तर दोन मिनिटांत टकटक व्हायची. "दार का लावलंस? बरं वाटत नाही का?"

जुन्या फोनमध्ये वायरचा हेडफोन खुपसून बाई कसंबसं काम ओढत होत्या. मग तो फोन बंदच पडला. लेकीने नवा पाठवला. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती. नव्या फोनला हेडफोनचं भोकच नव्हतं! बाईंनी तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

"आई, आता भोकं नसतात फोनला," लेक म्हणाली. "मी बिनवायरचा हेडफोन मागवलाय तुझ्यासाठी. परवा येईल. सोपं असतं. बटण सात सेकंद दाबून धरायचं, दिवा निळा-लाल लुकलुकला की फोनमध्ये त्याचं नाव दिसतं, त्यावर बोट ठेवायचं. झालं. फक्त एक कर, बाबांना हात लावू देऊ नकोस."

"ते काय करतील त्याला?"

"आई," लेक नुसतं एवढंच म्हणाली.

परवा पार्सल आलं तेव्हा बाई भाजी आणायला गेल्या होत्या. त्या परत आल्या तर खोकं उघडून, प्लास्टिक नीट घडी घालून ठेवलेलं, माहितीचा कागद टेबलावर चारी कोपऱ्यांना वजनं ठेवून पसरलेला, आणि हेडफोन लाइनमनच्या डोक्यावर.

"मस्त आहे गं!" ते ओरडूनच म्हणाले, कारण कानावर हेडफोन होता. "माझ्या फोनला जोडून टेस्ट घेतली. एक नंबर चालतोय. तुला देण्याआधी म्हटलं खात्री करावी."

बाईंनी तो आपल्या कानांवर चढवला. कान पूर्ण झाकले गेले आणि पंखा, रस्ता, पेपरवाल्याचा उशीर असं सगळं एकदम लांब गेलं. त्यांना इतकं बरं वाटलं की क्षणभर त्यांनी डोळेच मिटले.

त्यांनी लेकीने सांगितल्याप्रमाणे बटण दाबलं, नाव दिसलं, बोट ठेवलं. फोन म्हणाला जोडलं. त्या दिवशी अर्धा तास छान गेला. पुस्तक भूगोलाचं होतं, वरच्या वर्गाचं. परीक्षा सहा आठवड्यांवर आलेली. वाचणारे गृहस्थ भारदस्त आवाजाचे, पण शब्दाची शेपटी गिळायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी हेडफोन चालू केला, भूगोल लावला, आणि भूगोल फोनमधूनच मोठ्याने खोलीभर वाजायला लागला. कानात मात्र कुणीतरी पाण्याचा पंप कसा उघडावा ते सांगत होतं.

"अहो, तुम्ही काही लावलंय का?"

"पंपाचा व्हिडिओ बघतोय. आवाजच येईना म्हणून मोठा करत होतो. का गं?"

बाईंनी हेडफोन काढला. लाइनमन खुर्चीतून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बाईंनी निवृत्तीनंतरच्या आठ महिन्यांत पाहिलं नव्हतं. शिकारी कुत्र्याने कान टवकारावेत तसं.

"फॉल्ट आहे," ते म्हणाले. "बघू इकडे."

त्या दिवसापासून हेडफोन बाईंचा राहिला नाही. लाइनमननी एक जुनी वही काढली, तिच्यावर 'फॉल्ट रजिस्टर' लिहिलं, आणि तारीख, वेळ, लक्षण, शंका असे रकाने आखले. सकाळी चालतो, दहानंतर चालत नाही. भिंतीत लोखंड असावं. स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा त्रास असावा. म्हणून मिक्सर दोन दिवस बंद. मग फ्रिजवर शंका आली, पण फ्रिज बंद करू द्यायला बाईंनी साफ नकार दिला. बाई फोनवरच, हेडफोनशिवाय, कानाशी धरून भूगोल ऐकायच्या. शेजारी लाइनमन मोठ्याने वाचायचे, "'दोन उपकरणांमध्ये अडथळा नसावा.' अडथळा म्हणजे काय, ते कुठे लिहिलंय? काय गं?"

बाईंच्या नाकी नऊ आले. एका सकाळी चार पानं सुद्धा होईनात. प्रमुख बाईंचा फोन आला, "बाई, तुमच्याकडून कधी उशीर होत नाही. तब्येत बरी आहे ना?" तब्येत बरी आहे, हेडफोनचं जरा चाललंय, असं बाईंनी सांगितलं. फोन ठेवल्यावर लाइनमन म्हणाले, "त्यांना सांग, माणूस लागलाय कामाला."

मग एका दुपारी त्यांनी रेंजची टेस्ट काढली. स्वतःच्या आवाजात एक ते शंभर आकडे फोनवर भरून घेतले आणि ते परत परत वाजत राहतील असं लावलं. फोन बाहेरच्या खोलीत टेबलावर पालथा ठेवला, शेजारी रजिस्टर, हातात पेन्सिल. हेडफोन बाईंच्या डोक्यावर चढवला.

"आता तू चालायचं. मी विचारीन, येतंय का. तू सांगायचं. फोन मी हलवणार नाही, म्हणजे रीडिंग चुकणार नाही. जा स्वयंपाकघरात."

बाई स्वयंपाकघरात गेल्या. कानात यजमान मोजत होते. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. बाहेरून यजमान विचारत होते, "येतंय का?"

"येतंय."

"खिडकीशी जा. येतंय?"

"येतंय."

"आता आतल्या खोलीत. दाराआड. आता बाथरूममध्ये."

बाई बाथरूममध्ये जाऊन उभ्या राहिल्या. समोर आरसा होता. आरशात साठीला टेकलेली एक बाई, डोक्यावर मोठे काळे कान, आणि त्या कानांच्या आत एकावन्न, बावन्न, त्रेपन्न. जिथे कडी लावून बसायची सोय होती अशी घरातली ही एकच जागा. तिथेही हे येऊन पोहोचले. बाईंना रडू आलं नाही. हसूही आलं नाही. त्यांनी नळ उघडला आणि उगाचच हात धुतले.

"येतंय का गं?"

"तुटक येतंय."

"शाब्बास! लिहितो. आता जिन्यात जा."

बाई चपला घालून जिन्यात आल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कुणाची तरी सायकल कठड्याला बांधलेली होती. तिथे पोहोचेपर्यंत आकडे तुटायला लागले. अडु… स… त्त… आणि सायकलच्या पुढे दोन पायऱ्या उतरल्यावर आवाज बंद झाला.

एकदम. नळ बंद करावा तसा.

बाई जागच्या जागी थांबल्या. हेडफोनने कान झाकलेले, त्यामुळे जिन्यातलाही आवाज नव्हता. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता. त्या पायरीवर टेकल्या. भिंतीला नुकताच रंग दिला होता, त्याचा वास येत होता. किती दिवसांनी त्यांच्या डोक्यात दुसऱ्या कुणाचं काही नव्हतं. आठ महिने झाले होते त्याला.

वरून हाक आली, बारीक, भिंतींवर आपटत. "येतंय काऽऽ?"

'नाही' म्हटलं की टेस्ट संपणार होती. वर जावं लागणार होतं.

"येतंय!" बाई ओरडल्या.

 मग आनंदाने भरलेला आवाज, "अजून खाली जा!"

बाई पहिल्या मजल्यावर गेल्या आणि तिथल्या पायरीवर बसल्या. "येतंय काऽऽ?" "येतंय!" मग तळमजल्यावर. तिथे पत्रपेट्यांच्या खाली एक लाकडी बाक होतं. त्यावर त्या पाठ टेकून, पाय लांब करून चांगली दहा मिनिटं बसल्या. मधून मधून "येतंय!" म्हणत राहिल्या. आयुष्यात खोटं बोलण्याची सवय नव्हती त्यांना. पण त्या दिवशी ते इतकं सोपं गेलं की घरी परतताना त्यांचे पाय प्रत्येक मजल्यावर जड होत गेले.

लाइनमन दारात उभेच होते. "तळमजला!" ते म्हणाले. "अगं, काँक्रीटचे तीन थर फोडून जातंय ते. कागदावर दहा मीटर लिहिलंय. काय जबरदस्त रेंज आहे!" रजिस्टरात त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: रेंज तळमजल्यापर्यंत. खाली दोन रेघा.

आणि त्यावरून त्यांनी अनुमान काढलं, ते त्यांच्या परीने बरोबरच होतं. आपलं तळमजल्यापर्यंत जातंय म्हणजे तळमजल्यावरचं आपल्यापर्यंत येत असणार. इमारतीत बारा घरं, घराघरात दोन-चार फोन, सगळ्यांच्या लहरी बाईंच्या हेडफोनवर आदळत असणार. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते रजिस्टर घेऊन बाहेर पडले. प्रत्येक दारावर जाऊन त्यांनी विनंती केली की रोज दहा ते एक सगळ्यांनी आपापल्या फोनचं ब्लूटूथ बंद ठेवावं. कामाचं महत्त्वही समजावून सांगितलं. बाईंनी हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

तासाभराने दार वाजलं. पहिल्या मजल्यावर नाच शिकवणारी एक तरुण बाई राहायची. तीच आली होती. कपाळावर घाम, पायांत चाळ.

"काका आहेत का?"

"नाहीत. चौथ्या मजल्यावर गेलेत. ये ना आत."

"बसत नाही, मुली थांबल्यात. काकू, काकांना सांगा ना, दहा ते एक मला नाही जमणार हो. माझा स्पीकर ब्लूटूथवरच चालतो. दोन वर्ग असतात." मग तिने टेबलावरचा हेडफोन पाहिला. "झालंय काय नेमकं?"

बाईंनी सांगितलं. पंपाचा व्हिडिओ कानात कसा आला तेही सांगितलं.

नाचवाली हसली. "मग तो काकांच्या फोनला चिकटलाय! पहिल्यांदा त्यांच्या फोनला जोडला होता ना? त्याने तो लक्षात ठेवलाय. चालू केला की जवळ जो ओळखीचा फोन सापडेल त्याला जाऊन मिठी मारतो. माझा स्पीकर असाच मुलींच्या फोनना जाऊन चिकटायचा. काकांच्या फोनमध्ये जा, हेडफोनच्या नावावर 'विसरा' असं येतं, ते दाबा. मग तुमच्या फोनला जोडा. एका मिनिटाचं काम."

ती चाळ वाजवत खाली गेली. बाई दारातच उभ्या राहिल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण तो कळसा ज्याच्या काखेत होता तो माणूस या घटकेला चौथ्या मजल्यावर इस्त्रीच्या शर्टात उभा राहून लोकांना समजावत होता. चौतीस वर्षं फॉल्टचा पत्ता शोधणाऱ्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं, की पत्ता तुमच्याच खिशातला आहे? आठ महिने तो माणूस खुर्चीत बसून पेपरवाल्याची मिनिटं मोजत होता. या दहा दिवसांत त्याने दाढी रोज केली होती.

बाईंनी सांगितलं नाही. लाइनमन दुसऱ्या दिवशी अंघोळीला गेले तेव्हा बाईंनी त्यांचा फोन उचलला. कुणाचं पत्र फोडतोय असं वाटलं. नाव सापडलं, 'विसरा' सापडलं, दाबलं. आपल्या फोनवर बटण, निळा-लाल दिवा, नाव. कानात भूगोल आला, स्वच्छ, शेपट्या गिळलेल्या शब्दांसकट. त्या दिवशी त्यांनी सतरा पानं ऐकली. एका ठिकाणी गृहस्थांनी 'अक्षांश'चं 'रेखांश' केलं होतं. बाईंनी ते पकडलं आणि ते पूर्ण पान परत वाचून घ्यावं असं लाल शाईत लिहिलं. जिला दिसत नाही अशी मुलगी ते पान ऐकणार, तिला नकाशा बघून चूक कळणार नाही, ती त्या चुकीवर पुढचं सगळं रचत जाणार. म्हणून बाई अशा चुकीला कधी माफ करत नसत.

"आज चालला!" संध्याकाळी लाइनमन म्हणाले. "लोकांनी सहकार्य केलं. तरी नाचवाली ऐकत नव्हती."

 बाई स्वयंपाकाला लागल्या तेव्हा लाइनमननी आपला फोन पाहिला. यादीतून हेडफोनचं नाव गायब! त्यांना तो नवा फॉल्ट वाटला. त्यांनी कागद पाहिला, सात सेकंद मोजून बटण दाबलं आणि हेडफोन पुन्हा आपल्या फोनला जोडून ठेवला. दुरुस्त करून ठेवला, त्यांच्या मते.

सकाळी बाईंच्या कानात पंपवाला हजर.

असं तीनदा झालं. सकाळी बाई सोडवायच्या, संध्याकाळी यजमान अडकवायचे. रजिस्टरात नोंदी वाढत गेल्या: नाव आपोआप पुसलं जातं, कारण अज्ञात. बाईंना वाटायला लागलं की आपण दोघं दोन बाजूंनी एकच दार ढकलतोय, आणि मध्ये आपणच चेंगरतोय. जेवण उतरेना. लेकीचा फोन आला तेव्हा लाइनमन शेजारीच बसलेले, म्हणून 'सगळं छान' असं सांगून ठेवला.

चौथ्या दिवशी लाइनमन अंघोळीहून लवकर बाहेर आले. साबण संपला होता. बाई टेबलाशी उभ्या, हातात त्यांचा फोन.

"काय करतेस?"

 बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं-पीं आवाज येत राहिला.

"नाव पुसतेय," त्या म्हणाल्या. "हेडफोन तुमच्या फोनला चिकटतो. पहिल्या दिवशी तुम्ही जोडलात तेव्हापासून. लोखंड नाही, मिक्सर नाही, लोकांचे फोन नाहीत. तुमचाच फोन."

लाइनमन टॉवेल खांद्यावर टाकून खुर्चीत बसले. त्यांच्या केसांतून पाणी गळत होतं. त्यांनी टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं.

"कधीपासून माहितीय तुला?"

"चार दिवस झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," ते म्हणाले. "एक दिवस वाटलं असतं. फॉल्ट आपल्याच जोडणीत निघाला असं खात्यातही झालंय माझं. दोनदा झालंय. लोक हसले, मीही हसलो." मग त्यांनी रजिस्टर ओढलं, पान उलटलं आणि बोट ठेवलं. "पण माझा फोन इथे टेबलावर होता आणि तू तळमजल्यावर. तेव्हा ऐकू येत होतं ना? मग हे कसं बसतं? एवढी रेंज असेल तर…"

ते थांबले. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कान बाईंचे तिखट, पण डोळे त्यांचेही काही कमी नव्हते.

"येत नव्हतं?"

"नाही."

"कुठपर्यंत येत होतं?"

"सायकलपर्यंत. दुसऱ्या मजल्याच्या."

"मग त्याच्यापुढे 'येतंय' का म्हणालीस?"

बाईंनी खूप शोधलं, पण सौम्य असा शब्द हाती लागला नाही. "तिथे तुमचा आवाज येत नव्हता म्हणून," त्या म्हणाल्या. "मला तिथे थोडं बसायचं होतं."

 लाइनमन टॉवेल घडी करायला लागले, ओलाच. मग म्हणाले, "तुझ्या पुस्तकात कुणी अक्षांशाचं रेखांश केलं तर तू अख्खं पान परत वाचायला लावतेस. आणि मला रीडिंग खोटं दिलंस? मी अकरा घरं फिरलो गं त्या रीडिंगवर."

"चुकलं माझं."

"बसायचं होतं तर बस म्हणायचं."

"म्हटलं असतं तर तुम्ही शेजारी येऊन बसला असता."

हे बाईंच्या तोंडून निघून गेलं. बोलल्यावर मागे घेता येईना. लाइनमननी फोन उचलला, स्वतःच नाव शोधलं, स्वतःच 'विसरा' दाबलं, ब्लूटूथही बंद केलं आणि हेडफोन बाईंच्या पुढ्यात ठेवला. "घे. मोकळा आहे."

त्यानंतर दोन दिवस घरात आवाज नव्हता. पंख्याबद्दल नाही, टाकीबद्दल नाही. हेडफोन सुरळीत चालत होता. लाइनमन समोरच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसायचे, बाई ऐकायच्या, आणि मान वर केली की ते बघत असायचे. नजर लगेच खिडकीकडे वळवायचे. बाईंना एकेक वाक्य तीनतीनदा ऐकावं लागलं. एवढं शांत होतं, तरी काम पुढे सरकेना. आगीतून उठून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. त्यांना कळून चुकलं की ते बोलले तरी आणि गप्प बसले तरी, या दोन खोल्यांत आपण एकमेकांच्या अंगावरच बसलेलो आहोत.

तिसऱ्या दिवशी बाईंनी प्रमुख बाईंना फोन लावला. आतल्या खोलीत जाऊन नाही, तिथेच, यजमानांच्या समोर.

"मला तिकडे बसायला एखादा कोपरा मिळेल का? कसलाही चालेल."

"बाई, जागा कुठे आहे हो? सामानाची खोली तेवढी आहे. खिडकीसुद्धा नाही तिला."

"दार आहे ना?"

"दार आहे."

"मग चालेल. आठवड्यातून तीन दिवस येईन."

फोन ठेवला. लाइनमन म्हणाले, "मी इतका त्रास देतो का?" विचारताना आवाजात राग नव्हता, म्हणून उत्तर द्यायला जास्त जड गेलं.

"त्रास नाही देत. पण माझं काम कानाचं आहे, आणि इथे माझे कान माझे नसतात."

"आणि मी काय करू तीन दिवस?"

 खोटं उत्तर द्यायचं नाही असं बाईंनी ठरवलं होतं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या.

सामानाची खोली खरोखरच अंधारी निघाली. एकावर एक रचलेल्या खुर्च्या, जुन्या ध्वनिमुद्रणाच्या टेपांची खोकी, छताला एक नळीचा दिवा आणि भिंतीला लावलेलं टेबल. हात पसरले तर दोन्हीकडे काहीतरी लागायचं. बाईंनी दार लावलं. पहिला तास काहीच ऐकलं नाही, नुसत्या बसून राहिल्या. मग हेडफोन चढवला आणि भूगोल सुरू केला. नद्यांचा धडा लागला.

दुपारी एकच्या सुमाराला नदी मध्येच थांबली आणि कानातच घंटी वाजायला लागली. यजमानांचा फोन होता. बाईंनी घेतला.

"पोहोचलीस ना नीट?"

"हो. सकाळीच."

"जेवलीस?"

"आता जेवेन."

"मी खाली गेलो होतो नाचवालीकडे. तिची माफी मागितली. तिच्या स्पीकरची वायर सैल होती, चार्जिंगची. करून दिली." मग म्हणाले, "खोलीत हवा येते का गं? दिवा कसला आहे? मी येऊन बघू का एकदा? तिथलं वायरिंग जुनं असणार."

बाईंना त्यांचा चेहरा दिसला. शर्ट इस्त्री करून, पेन्सिल खिशात, बसची वाट बघणारा.  'या' म्हणणं किती सोपं होतं.

"नको," त्या म्हणाल्या.

 बाईंनी दुसऱ्या शब्दांनी ते झाकलं नाही.

"बरं," लाइनमन म्हणाले. "किती वाजता येशील?"

"साडेसहापर्यंत."

"बरं," ते पुन्हा म्हणाले, पण फोन ठेवला नाही. शेवटी बाईंनीच ठेवला. नदी जिथे थांबली होती ते वाक्य पुस्तकात सापडायला त्यांना वेळ लागला. सापडल्यावर त्या एक परिच्छेद मागे गेल्या आणि तिथून पुढे ऐकायला लागल्या.